ऊन तेच, मग नागपूर ४३ आणि रत्नागिरी ३३ कसं?

प्रश्न थोडक्यात असा: विचारणारे मूळचे रत्नागिरीचे, नोकरीमुळे नागपूरला स्थायिक. मे महिन्यात नागपूर ४३ अंशांवर असतं तेव्हा गावी जेमतेम ३३ असतात. ऊन दोन्हीकडे कडकच, मग मधले दहा अंश जातात कुठे? आणि दहा अंश कमी असूनही गावी गेल्यावर जीव जास्त का घाबरतो? जोडीला एक व्यवहाराचा प्रश्न आहे. सासऱ्यांनी काटोलकडे संत्र्यासाठी शेततळं केलंय, त्यातलं पाणी उन्हाळ्यात वापराआधीच खाली जातं. ते खरंच उन्हाने जातं का?

माझी सगळी नोकरी कृषी हवामान वेधशाळांमध्ये गेली. सकाळी सातची आणि दुपारी दोनची नोंद, ओला-कोरडा तापमापक आणि बाष्पीभवनाचं पात्र यांच्या संगतीत. तिन्ही प्रश्नांचं मूळ एकच आहे. ऊन किती पडलं यावर तापमान ठरत नाही. पडलेलं ऊन कशावर खर्च झालं, यावर ठरतं. खर्चाला पाणी असेल तर हवा फारशी तापत नाही. नसेल तर सगळा भार जमिनीवर आणि हवेवर येतो.

आधी ऊन सारखं आहे का ते बघू. रत्नागिरीला शून्य सावलीचा दिवस ८ मेच्या आसपास येतो आणि नागपूरला २६ मेच्या सुमारास, म्हणजे विदर्भात ज्याला नवतपा, कडक उन्हाचे नऊ दिवस, म्हणतात त्याच दिवसांत. दोन्ही गावांच्या डोक्यावर मे महिनाभर सूर्य जवळजवळ सरळ उभा असतो. स्वच्छ दिवशी एका चौरस मीटर जागेवर दिवसभरात पडणारं ऊन विजेच्या भाषेत साधारण साडेसहा ते सात युनिट भरतं. कोकणच्या हवेत बाष्प आणि मिठाचे बारीक कण जास्त, त्यामुळे तिथे थोडं कमी धरा. एवढ्याशा फरकाने दहा अंशांचं अंतर पडत नाही.

आता खर्चाची बाजू. एक मिलिमीटर पाणी उडालं म्हणजे दर चौरस मीटरमागे एक लिटर पाणी वाफ होऊन गेलं. त्या एका लिटरला लागणारी उष्णता सुमारे २४.५ लाख ज्यूल, म्हणजे जवळपास ०.६८ युनिट. हा आकडा केवढा मोठा आहे ते असं बघा: तेच लिटरभर पाणी ३० अंशांपासून उकळीपर्यंत तापवायला ०.०८ युनिट पुरतं. पाणी तापवण्यापेक्षा ते उडवणं आठपट महाग आहे, आणि गंमत म्हणजे एवढी उष्णता खर्चूनही तापमापकाचा पारा हलत नाही. ती वाफेत दडून बसते. म्हणूनच तिला सुप्त उष्णता म्हणतात.

पडलेल्या सात युनिटांतलं काही परत फेकलं जातं आणि काही जमीन अदृश्य किरणांच्या रूपाने आकाशाकडे सोडत राहते. हाताशी उरतात चारेक युनिट. भरपूर पाणी दिलेला ऊस मे महिन्यात रोज सहा-सात मिलिमीटर पाणी सहज उडवतो. ०.६८ ने गुणून बघा, जवळपास ती चारही युनिटं पाण्यातच संपतात. हवा तापवायला शिल्लक काही राहत नाही. उसाच्या फडातून वाट जात असेल तर दुपारीही तिथे निवल्यासारखं का वाटतं, त्याचं उत्तर हे आहे. सावली हे त्यातलं अर्धंच कारण.

शेजारचं नांगरून टाकलेलं काळं रान बघा. काळी माती दहा-बारा टक्केच ऊन परत फेकते, बाकी सगळं पिते. वरच्या थरात ओल नाही, उडवायला काही नाही. मग मातीचा पृष्ठभाग दुपारी साठ अंशांच्या पुढे जातो आणि त्याला टेकलेली हवा तापून वर उसळते. वावटळी उठतात त्या याच रानांतून. रंगाचा वाटा किती, हे पुण्यात फार पूर्वी तपासून झालंय. कृषी हवामानशास्त्रज्ञ एल. ए. रामदास यांनी काळ्या जमिनीवर पांढऱ्या भुकटीचा पातळ थर पसरून मातीचं तापमान मोजलं होतं. नुसत्या रंगबदलाने मातीचं तापमान उतरलं, आणि ते वरच्या पापुद्र्यापुरतं नव्हे, खालपर्यंत.

इथे एक घोटाळा नेहमी होतो, तो सोडवून पुढे जातो, कारण शेततळ्याच्या हिशेबात तो पुन्हा आडवा येईल. वेधशाळेतलं बाष्पीभवन पात्र, आम्ही सगळे त्याला पॅनच म्हणतो, सव्वा मीटर व्यासाचं आणि पाव मीटर खोल असतं. लाकडी चौकटीवर ठेवलेलं. वर तारेची जाळी, नाहीतर कावळे आणि कुत्री आमच्या नोंदी पिऊन जातील. आत एका नळकांड्यात टोकदार सळई असते. रोज मापाच्या भांड्याने पाणी घालत जायचं, पाणी सळईच्या टोकाला टेकलं की थांबायचं. किती घालावं लागलं ते त्या अवधीतलं बाष्पीभवन. मे महिन्यात विदर्भात हा आकडा बारा-चौदा मिलिमीटर सहज असतो, कोकण किनाऱ्यावर पाच-सहाच्या आसपास. हे ऐकून लोक म्हणतात, ‘मग तुमच्या हिशेबाने विदर्भच थंड हवा, तिथे पाणी दुप्पट उडतंय!’

उडत नाही. पॅनमध्ये पाणी आम्ही घालतो म्हणून तेवढं उडतं. पॅन हवेची तहान मोजतो, जमिनीने प्रत्यक्ष किती पाणी दिलं ते मोजत नाही. नागपूरभोवतीच्या उघड्या रानात मे महिन्यात वरच्या वितीत ओलच नसते, म्हणून तिथलं खरं बाष्पीभवन शून्याच्या जवळ असतं. तहान सगळ्यात जास्त आणि पाणी सगळ्यात कमी, अशी जागा तापते. कोकणात समुद्र कधी आटत नाही, पण हवा आधीच निम्म्याहून जास्त भरलेली असल्याने तिची तहान कमी.

आता समुद्र. तो का तापत नाही, याला लोक एकच कारण देतात, की पाण्याची उष्णता धरायची ताकद जास्त. ते खरं आहे, पण चार कारणांतलं ते एक. दुसरं असं की ऊन समुद्रात आत शिरतं. तांबडा प्रकाश पहिल्या काही मीटरांत विरतो, निळा बराच खोल जातो. मातीत मात्र सगळं ऊन वरच्या पापुद्र्यातच अडतं आणि दिवसा-रात्रीचा तापमानातला चढउतार हात-दीड हात खोलीवर जवळजवळ नाहीसा होतो. तिसरं, वारा आणि लाटा वरचं ऊबदार पाणी खाली ढवळतात. चौथं अर्थातच बाष्पीभवन. हिशेब करून बघा: दिवसभराचं सगळं ऊन वरच्या दहा मीटर पाण्यात मुरलं आणि काहीही बाहेर गेलं नाही असं धरलं, तरी ते पाणी जेमतेम अर्ध्या अंशाने तापेल. म्हणून मे महिन्यात अरबी समुद्राचं पाणी तीस अंशांच्या आसपास रेंगाळतं आणि त्यावरून येणारी हवाही.

दुपारी किनाऱ्यावरची जमीन तापते, तिच्यावरची हवा वर चढते आणि समुद्राची हवा तिची जागा घ्यायला धावते. हे खारे वारे. मासेमारी करणाऱ्यांना हे सांगायला नको. पहाटे मतलई वाऱ्यावर बाहेर पडायचं आणि दुपारनंतर खाऱ्या वाऱ्यावर परतायचं, असा शिडांच्या काळातला बेतच होता. हा वारा किनाऱ्यासाठी किती मोलाचा आहे ते तो उशिरा आला की कळतं. मार्चमध्ये कधीकधी पूर्वेकडून जमिनीवरचा कोरडा वारा जोर धरतो आणि खाऱ्या वाऱ्याला दुपारपर्यंत अडवून धरतो. त्या दिवशी मुंबई ३८-४० अंशांवर जाते. समुद्र तिथेच, ऊनही तेच, फक्त हवा समुद्रावरून यायची थांबली. खारा वारा कोकणपट्टीत आत शिरतो, पण सह्याद्री ओलांडेपर्यंत त्याची धार बरीच जाते, आणि नागपूर तर समुद्रापासून सातशे किलोमीटर आत.

दुसऱ्या प्रश्नाला आमच्याकडे सरळ उपकरण आहे. लाकडी झडपांच्या पांढऱ्या पेटीत दोन तापमापक शेजारी लावलेले असतात. एक साधा, दुसऱ्याच्या फुग्यावर मलमलीचं ओलं फडकं. फडक्यातलं पाणी उडतं, उडताना फुग्याची उष्णता घेतं, म्हणून ओला तापमापक नेहमी कमी दाखवतो. हवा जितकी कोरडी, तितका दोघांतला फरक मोठा. नागपूरला मेच्या दुपारी दोन वाजता कोरडा ४३ आणि आर्द्रता १५ टक्के असेल तर ओला २२-२३ च्या आसपास येतो. वीस अंशांचं अंतर! रत्नागिरीत कोरडा ३३, आर्द्रता ६५ टक्के, तर ओला साडेसत्तावीसवर अटकतो.

घाम आलेलं अंग या ओल्या फुग्यासारखं वागतं. नागपुरात घाम फुटल्या फुटल्या वाळतो, तो दिसतही नाही, कातडीवर मिठाची पांढरी रेघ राहते. रत्नागिरीत घाम निथळतो, सदरा चिकटतो आणि थंडावा काही मिळत नाही, कारण निथळून गेलेल्या घामाने अंग गार होत नाही. अंगावरून उडालेला घामच काय ती उष्णता घेऊन जातो. वाळ्याच्या ताट्यांचा कूलर विदर्भात घरोघरी चालतो आणि तोच कोकणात नेला तर खोलीचं न्हाणीघर करतो, तेही यामुळेच. पण नागपूरची हवा ‘सुसह्य’ आहे असा याचा अर्थ काढू नका. कोरड्या झळांत माणूस तासाला लिटरभर पाणी गमावतो आणि त्याला कळत नाही. उष्माघात तिथेच जास्त गाठतो.

हवेत मावणाऱ्या बाष्पाचं प्रमाण तापमानाबरोबर झपाट्याने वाढतं, दर अंशाला साधारण पाच ते सात टक्के. ३० अंशांच्या हवेत घनमीटरमागे जास्तीत जास्त ३० ग्रॅम बाष्प मावतं, ४२ अंशांना ५५ ग्रॅमच्या वर. आता गंमत बघा. मेच्या दुपारी रत्नागिरीच्या घनमीटरभर हवेत प्रत्यक्ष २३ ग्रॅम बाष्प असतं आणि नागपूरच्या हवेत आठ-नऊ ग्रॅम. कोकणच्या हवेत बाष्प अडीचपट आहे. म्हणजे कोकणचं ऊन हरवलेलं नाही, ते बाष्पात साठवलेलं आहे.

ते परत कधी मिळतं? ढगात. वाफेचं पाणी झालं की घेतलेली उष्णता जशीच्या तशी सुटते. चौरस किलोमीटरवर एक सेंटिमीटर पाऊस पडला तर पाणी होतं एक कोटी लिटर आणि ढगात मोकळी झालेली उष्णता सुमारे ६८ लाख युनिट. वळवाचा ढग तासाभरात आभाळ फोडून वर का जातो, त्याच्या अंगात गारा तयार होण्याइतका जोर कुठून येतो, ते या आकड्यात आहे. कुठल्या तरी दूरच्या समुद्रावर पडलेलं ऊन बाष्पाच्या पाठीवर बसून येतं आणि मराठवाड्याच्या आभाळात खर्च होतं. सगळ्या पृथ्वीचा मेळ घातला तर जमीन आणि समुद्र मिळून जेवढं ऊन शोषतात त्यातलं निम्म्याच्या आसपास पाणी उडवण्यातच जातं.

याचा सगळ्यात स्पष्ट पुरावा जुलैत मिळतो. नागपुरात २१ जूनला सूर्य माथ्यापासून दोन-अडीच अंशच ढळलेला असतो, दिवस वर्षातला सगळ्यात मोठा. तरी मे महिन्यातलं ४२-४३ चं सरासरी कमाल तापमान जुलैत ३१-३२ वर येतं. ढग ऊन अडवतात हे खरं, पण उघडीप पडून दिवसभर लख्ख ऊन पडलं तरी पारा चाळिशीकडे जात नाही. रान ओलं आहे, ऊन आता पाण्यावर खर्च होतंय. समुद्राचंही तसंच. मान्सूनचा जोरदार वारा सुरू झाला की बाष्पीभवन वाढतं, पाणी ढवळतं, वर ढगांची सावली, आणि अरबी समुद्र ऐन जून-जुलैत दोनतीन अंशांनी निवतो.

रात्रीबद्दल विचारलं नव्हतंत, तरी द्राक्षवाल्यांसाठी दोन शब्द. सूर्य मावळल्यावर जमीन उष्णता आकाशाकडे सोडत राहते. हवेत बाष्प किंवा वर ढग असेल तर त्यातली बरीचशी परत खाली येते. आभाळ निरभ्र आणि हवा कोरडी असेल तर जमीन उघडीच पडते. निफाडचं किमान तापमान थंडीच्या लाटेत दोनतीन अंशांपर्यंत घसरतं ते अशाच रात्री. दव पडायला लागलं की घसरण मंदावते, कारण दव होताना बाष्प आपली उष्णता परत करतं. म्हणून अशा रात्री बागेला पाणी देतात. ओली माती दिवसा साठवलेली ऊब खालून वर पोचवते आणि हवेतही थोडं बाष्प वाढतं. शेकोटीच्या धुराचा उपयोग मला नेहमीच कमी वाटत आला आहे. जी काही ऊब मिळते ती जाळाची.

याच विषयात रामदासांचं आणखी एक काम आहे. शांत, निरभ्र रात्री सगळ्यात थंड हवा जमिनीला टेकलेली असणार असं सगळे धरून चालले होते. त्यांनी १९३२ मध्ये दाखवून दिलं की उघड्या जमिनीवर ती काही सेंटिमीटर ते काही डेसिमीटर उंचीवर असते. जमिनीलगतची हवा किंचित उबदार आणि तिच्यावरची जास्त गार, हे पुष्कळांना पटेना. पुढे इतरांनीही तेच मोजलं आणि जगभर त्याला रामदास थर म्हणतात. तापमापक कोणत्या उंचीवर टांगला यावर आकडा बदलतो, हे बागेत स्वतः नोंद घेणाऱ्यांनी ध्यानात ठेवावं.

आता शेततळं. ३० बाय ३० मीटरचं तळं म्हणजे ९०० चौरस मीटर पाणी. पॅनचा आकडा तसाच लावायचा नाही. पॅन उथळ, चहूबाजूंनी तापतो, म्हणून तळ्यासाठी तो साधारण ०.७ ने गुणतात. मेमध्ये पॅन बारा दाखवत असेल तर तळ्यातून आठेक मिलिमीटर जातं. ९०० गुणिले आठ, म्हणजे रोज ७,२०० लिटर. दहा हजार लिटरचा टँकर धरला तर दीड दिवसाला एक टँकर नुसता आभाळात. फेब्रुवारी ते मेअखेर मिळून पाऊण मीटरहून जास्त पाणी असंच उतरतं. तुमच्या तळ्याच्या चारी बाजूंना कोरडं रान असेल तर आणखी जास्त धरा, कारण तापलेल्या रानावरून येणारा वारा स्वतःची उष्णताही पाण्यावर खर्च करतो. बागेच्या पश्चिमेकडची पहिली ओळ नेहमी आधी का सुकते, तेही यामुळेच.

उपाय विचारलेत तर माझं पहिलं सांगणं पैशाचं नाहीच. बाग तळं आणि विहीर दोन्हींवर असेल तर आधी तळ्यातलं पाणी वापरा आणि विहिरीतलं मागे ठेवा. जमिनीखालचं पाणी उन्हाला दिसत नाही. लोक नेमकं उलट करतात, तळं ‘अडचणीच्या वेळेला’ म्हणून राखतात आणि मेमध्ये तळ गाठलेलं तळं बघत बसतात. नवीन तळं घेणार असाल तर पसरट करू नका, खोल करा. पाणी तेवढंच, उघडं अंग कमी. पश्चिमेला बांबू किंवा शेवरीची दाट ओळ लावली तर वारा मोडतो. पाण्यावर रसायनाचा पातळ थर सोडायचा उपाय दुष्काळाच्या वर्षी दरवेळी चर्चेत येतो. शांत पाण्यावर तो काम करतो, विदर्भातल्या मेच्या वाऱ्यात फाटून काठाला गोळा होतो. झाडांच्या आळ्यांत काडीकचरा, भुसा, जे असेल त्याचं वीतभर जाड आच्छादन करा. आणि ‘एक कोळपणी, अर्धं पाणी’ हे जुनं गणित अजून चुकलेलं नाही. वरचा थर भुसभुशीत झाला की खालची ओल वर चढायची वाट तुटते, काळ्या मातीच्या भेगाही बुजतात.

मात्र त्याआधी एक गोष्ट तपासा. तळ्यात उभी मोजपट्टी रोवा, तीन दिवस उपसा बंद ठेवा आणि रोज सकाळी एकाच वेळी पातळी लिहा. रोज दहा-बारा मिलिमीटरपर्यंत उतरत असेल तर ते ऊन आणि वारा. पंचवीस-तीस उतरत असेल तर उन्हाला बोल लावू नका. तळ्यात अंथरलेला प्लास्टिकचा कागद कुठेतरी फाटला आहे, बहुतेक वेळा कोपऱ्याच्या घडीत किंवा पाइप जिथून आत येतो तिथे. पाणी एका ठरावीक पातळीला येऊन झपाट्याने उतरायचं थांबलं तर भोक त्याच उंचीवर शोधा.